लांबच्या घराचा वसा

ऐका गावदेवी, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत तांदूळ घ्या. चार दाणे पुरेत, खीर नाही करायची. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही आणि तोंडही उघडायचं नाही. मधे बोलायचा हक्क एकट्या माझा, कारण पोथी माझ्या हातात आहे आणि चष्माही मीच आणलाय.

आटपाट गाव होतं. नगर म्हणावं एवढं मोठं नव्हतं, आणि कहाणीपुरतं मी ते वाढवून सांगणार नाही. डोंगराच्या पायथ्याशी सव्वाशे घरं, एक देऊळ, एक शाळा, एक ग्रामपंचायत. गावाच्या वर, अर्ध्या डोंगरात, कातकऱ्यांची वाडी. वाडीत अठरा घरं. गावाला राजा नव्हता, राणी होती. राणी म्हणजे सरपंचबाई, नाव आवडाबाई. जागा बायकांसाठी राखीव झाली, म्हणून नवऱ्यानं तिला उभं केलं, म्हणून ती निवडून आली. नवऱ्याचं नाव भिवाजी. खुर्ची तिची, बसायचा तो. सही तिची, बोलायचा तो. लोक "सरपंच" म्हणून हाक मारायचे, "ओ" तो द्यायचा.

आवडाबाई वाईट नव्हती हो. सासूची सेवा केली, पोरं वाढवली, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण सरपंच झालेल्या बाईनं अध्यातमध्यात नसावं, हे कसं चालायचं? तेवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

वर वाडीत बुधी नावाची बाई होती. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. नवरा होता, लेक होता, सुनेला सहावा महिना होता. बुधी सकाळी रानात जायची, ओहोळात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची, कंद खणायची, मोळी बांधून खाली आणायची. वाडीच्या डोक्यावर एक झरा होता. खडकाच्या एका मोठ्या पाथरीखालून पाणी यायचं, मनगटाएवढी धार, पण बारा महिने. वाडीच्या बाया चैत्रात तो झरा उपसायच्या. हातानं गाळ काढायच्या, करवंटीनं काढायच्या, पण लोखंड लावायच्या नाहीत. कुदळ नाही, पहार नाही, कोयतासुद्धा नाही. पाथरीला कुणी धक्का लावायचा नाही. का? तर बुधीच्या आजेसासूनं सांगितलं होतं, ही पाथर म्हणजे पाण्याचा उंबरा आहे. उंबरा फोडला तर पाणी खालच्या खाली जाईल.

आता त्या गावात एक रीत होती. वाईट रीत, पण घरोघरी आवडती. सरकारनं सांगितलं होतं, गावसभेच्या आधी बायकांची सभा घ्या, त्यांना विचारा, मग काय ते ठरवा. चांगलंच सांगितलं होतं. पण बाया म्हणायच्या, कोण जातं उन्हातान्हात, चुलीवर भात आहे. पंचायतीतले म्हणायचे, नका येऊ, आम्हीच येतो. मग शिपाई वही काखेत मारून दारोदार जायचा. "बाई, सही." "कसली?" "सभेची." "सभा कधी झाली?" "ही काय, चालूच आहे." बाई पिठाचा हात पदराला पुसायची, अंगठा शाईत, अंगठा कागदावर, आणि वळून भाकरी उलटायची. वही आधी गावात फिरायची, मग वर वाडीत फिरायची. संध्याकाळपर्यंत सव्वाशे बाया सभेला हजर. हसू नका. तुमच्यातल्या कितीजणींनी अशी सभा केलीय ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि मीही त्यातच आहे.

मग त्याच वर्षी गावाला नळ आला. म्हणजे नळ नाही आला, नळाचा कागद आला. कागदात काय लिहिलं होतं? वाडीच्या झऱ्याचं तोंड मोठं करावं, सुरुंग लावून पाथर फोडावी, पाइपानं पाणी गावच्या टाकीत आणावं. वाडीचं पुढं बघू. शेवटी एक ओळ होती, सर्व महिलांना हे मान्य आहे. त्याखाली सव्वाशे अंगठे आणि सह्या. त्यात एक सही आवडाबाईची, एक अंगठा बुधीचा.

मग एक दिवस ठेकेदाराची माणसं डोंगरात आली. पाथरीवर चुन्याच्या खुणा केल्या. बुधी मोळी घेऊन येत होती, तिनं विचारलं, "बाबांनो, ह्या खुणा कसल्या?" ते म्हणाले, "इथं सुरुंग लागणार." बुधीनं मोळी तिथंच टाकली आणि ती खाली पंचायतीत आली.

पहिल्या दिवशी गेली. शिपाई दारात होता. "आज सभा नाही. सभेच्या दिवशी ये." बुधी परत आली.

दुसऱ्यांदा सभेच्या दिवशी गेली. पुरुष खुर्च्यांवर, चार बाया सतरंजीवर. बुधी सतरंजीच्या कडेला टेकली, तर कुणीतरी म्हणालं, "तिकडं बस, चपलांपाशी मोकळं आहे." ती चपलांपाशी बसली. सभा झाली, चहा झाला, सभा उठली. तिला कुणी विचारलं नाही. बुधी परत आली.

तिसऱ्यांदा वाडीतल्या सहा बाया घेऊन गेली. म्हणाली, "पाथर फोडू नका. फोडलीत तर पाणी जाईल." ग्रामसेवकानं वही उघडली. "हा अंगठा कुणाचा?" "माझा." "मग तूच हो म्हणालीस की. आता कशाला आलीस?" बुधीनं वहीकडं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं बघितलं. खुर्चीशेजारी आवडाबाई उभी होती. बुधी तिला म्हणाली, "बाय, तू तरी सांग." आवडाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. म्हणाली, "हे म्हणतायत ते बरोबरच असेल." बुधी परत आली, ती पुन्हा गेली नाही.

मग सुरुंग लागला. पाथर फुटली. पाणी कसं आलं? मांडीएवढं आलं. गावात टाकी भरली, नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, भिवाजीनं भाषण केलं. तीन दिवस पाणी आलं. चौथ्या दिवशी मनगटाएवढं आलं. पाचव्या दिवशी करंगळीएवढं आलं. आठव्या दिवशी नळानं हवा सोडली. ठेकेदार म्हणाला, माझं काम झालं, आणि निघून गेला.

वाडीचं पाणी गेलं. बाया दोन टेकड्या ओलांडून पाणी आणायला लागल्या. बुधीची पोटुशी सून डोक्यावर हंडा घेऊन घसरली. पोटातलं वाचलं. बुधी म्हणाली, पाणी नाही तिथं बाळंतपण नाही. मग अठरा घरांनी दारं वेलींनी बांधली, भांडी डोक्यावर घेतली आणि दोन नद्यांपलीकडं वीटभट्टीवर निघून गेली. जाताना बुधी कुणाला बोलली नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं आवडाबाई पुढं म्हणायची.

गावाचं तरी भलं झालं का? गावच्या विहिरीला त्याच झऱ्याचं आतून पाणी होतं. माघ गेला, फाल्गुन गेला, विहिरीचा तळ दिसला. टँकर आला की बायांची भांडणं, नाही आला की आणखी भांडणं. सगळ्या रिकामे हंडे घेऊन सरपंचाच्या दारात आल्या. भिवाजी म्हणाला, "सही माझी नाही, तिची आहे." आणि तो मागच्या दारानं शेतावर गेला. खुर्चीत बसायला तो, बोलणी खायला ती. आवडाबाईनं बोलणी खाल्ली. मग तिला रडू आलं, मग राग आला, मग तिनं चपला घातल्या आणि ती एकटी डोंगर चढली.

वर जाऊन बघते तो वाडी ओस. दारांच्या वेली वाळलेल्या, चुलींत गवत. फुटक्या पाथरीपाशी एक म्हातारी बसलेली होती. आवडाबाईनं विचारलं, "आजी, काय करता?" म्हातारी म्हणाली, "राखण करते." "कशाची?" "तुम्ही फोडलंत त्याची." आवडाबाई खाली बसली. म्हणाली, "आजी, पाणी परत कसं येईल?" म्हातारी म्हणाली, "मला काय विचारतेस? तुमच्या वहीला विचार. तिला सगळं मान्य असतं."

आवडाबाईची मान खाली गेली. मग ती म्हणाली, "काही वसा असेल तर सांगा, मी करीन." म्हातारी म्हणाली, "आहे वसा. पण घ्यायला हलका, पाळायला जड. दोन सभा पाळशील, तिसरीला म्हणशील आज ऊन फार आहे." "म्हणणार नाही." "नवऱ्याकडं बघशील." "बघणार नाही." "उतशील, मातशील." "उतणार नाही, मातणार नाही, मधेच टाकणार नाही." म्हातारी म्हणाली, "टाकशीलच एकदा. पण पुन्हा उचल म्हणजे झालं. ऐक तर."

मग म्हातारीनं वसा सांगितला. तो असा. सभेच्या आधी वही घरी आली तर दारातून परत करावी, चुलीपाशी अंगठा देऊ नये. गावातलं सगळ्यात लांबचं घर कोणतं ते बघावं. निरोप धाडू नये, दवंडी पिटू नये, आपल्या पायांनी जावं. त्या घरच्या बाईला हात धरून आणावं. तिला आधी बसवावं, मग आपण बसावं. तिला आधी बोलू द्यावं, मग आपण बोलावं. ती बोलते तोवर बाईनं आणि पुरुषानं मुठीत तांदूळ धरावे. मग ठरेल ते लिहावं, लिहिलेलं मोठ्यानं वाचावं, पटलं तर अंगठा, नाही पटलं तर पुन्हा लिहावं. मुठींतले तांदूळ एका टोपात शिजवावे, सगळ्यांनी एका पंगतीत जेवावं. आवडाबाईनं विचारलं, "असं किती दिवस करावं?" "सरपंच आहेस तोवर." "आणि उद्यापन?" म्हातारी म्हणाली, "ह्याला उद्यापन नाही. तू उतरलीस की पुढची करील."

आवडाबाई पाया पडली, वर बघते तो म्हातारी दिसेना. कोण होती ती? कुणी म्हणतं गावदेवी, कुणी म्हणतं बुधीची आजेसासू, जिला भट्टीवर जायचं नव्हतं. पोथीत लिहिलेलं नाही. तुम्हाला जी बरी वाटेल ती धरा.

मग सभेचा दिवस आला. शिपाई वही घेऊन दारात आला. आवडाबाई म्हणाली, "वही पंचायतीत ने. मी तिथं येणार आहे." शिपाई बघतच राहिला. शेजारणीकडं गेला, तीही म्हणाली, पंचायतीत ने. तिसरीकडं गेला, तीही तसंच म्हणाली, कारण आवडाबाई आदल्या दिवशी घरोघरी सांगून आली होती. पंधरा बाया पंधरा कारणं सांगत होत्या, तर तिनं टँकरच्या रांगेची आठवण करून दिली. मग त्याही हो म्हणाल्या.

मग तिनं विचार केला, लांबचं घर कोणतं? वाडीतलं बुधीचं. पण बुधी तिथं नाही, भट्टीवर आहे. म्हणजे लांबचं घर भट्टीवर. ती ग्रामसेवकाला म्हणाली, "सभा चार दिवस पुढं ढकला." भिवाजी म्हणाला, "कुठं निघालीस? असं कुठं असतं?" आवडाबाईच्या मानेला सवय होती, ती वळायला लागली. तिनं ती सरळ ठेवली. म्हणाली, "डाळ शिजवून ठेवलीय. भात तुम्ही टाका. पाणी दोन बोटं वर घाला." आणि ती निघाली.

एक नदी एसटीनं ओलांडली, दुसरी सहा आसनी रिक्षानं, पुढं पायी चालली. भट्टीवर धूर, लाल धूळ, विटांच्या ओळी. बुधी डोक्यावर विटा वाहत होती. झोळीत तिची नात, दीड महिन्याची. आवडाबाई म्हणाली, "बुधीबाय, सभेला चल." बुधी म्हणाली, "माझा अंगठा बोललाय. माझं काय काम?" आणि ती विटा घेऊन गेली.

परत आली. आवडाबाई म्हणाली, "तुला सांगायचंय ते सांगायला चल." बुधी म्हणाली, "तीनदा आले होते. पाय दुखले." आणि ती विटा घेऊन गेली.

परत आली. आवडाबाईनं पदर खोचला, चुंबळ केली, आठ विटा डोक्यावर घेतल्या आणि ती तिच्याबरोबर चालायला लागली. दहा पावलांवर दोन विटा पडल्या. बुधी म्हणाली, "ठेव खाली. नुकसान करशील आमचं." आवडाबाईनं विटा खाली ठेवल्या आणि ती म्हणाली, "बाय, मी न वाचता सही केली. तू मला विचारलंस तेव्हा मी नवऱ्याकडं बघितलं. मला माहीत होतं की तू खरं सांगतेयस. तरी मी तसं केलं. चुकले मी."

बुधी झोळीपाशी गेली, नातीला दूध पाजायला सुनेला हाक मारली. मग म्हणाली, "आमच्या वाडीत मूल जन्मलं की पाचव्या दिवशी झऱ्याच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. माझ्या नवऱ्याला घातलं, लेकाला घातलं. हिला टँकरच्या पाण्यानं घातलं." आवडाबाईनं त्या पोरीकडं बघितलं. बुधी म्हणाली, "एक दिवस येईन. पण चपलांपाशी बसणार नाही."

मग सभा भरली. इतक्या बाया त्या पंचायतीनं कधी पाहिल्या नव्हत्या, सतरंजी पुरेना, तेव्हा शेजारून ताडपत्री आणली. आवडाबाईनं बुधीचा हात धरून तिला मधोमध बसवलं. मग ती स्वतः बसली, खुर्चीत नाही, खाली. मग तांदूळ वाटले. पुरुषांनाही वाटले. भिवाजी म्हणाला, "हे काय पोरखेळ?" तर त्याची आई म्हणाली, "धर मुकाट्यानं." त्यानं धरले.

बुधी बोलेना. कोण खाकरलं, कोण खुसखुसलं, तिकडं कोणी लक्ष दिलं नाही. सव्वाशे मुठी मिटलेल्या होत्या. मग ती म्हणाली, "माझं नाव बुधी. तुमच्या गावात येऊन मला चाळीस वर्षं झाली. आज मला पहिल्यांदा कुणीतरी बस म्हणालं."  पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला.

मग ती म्हणाली, "पाणी मेलं नाही. खाली उतरलंय. भट्टीवरून येताना मी वाटेत ओहोळ बघून आले. उंबराच्या झाडाखाली चिंबोऱ्यांनी ओली माती बाहेर टाकलीय. ह्या दिवसांत चिंबोरी ओल सोडून राहत नाही. पाणी पाथरीच्या भेगेतून तिथं जातंय. भेग बुजवली तर ते वर येईल. सिमेंटानं नाही बुजणार, तडकेल. वारुळाची माती आणि दगड, हातानं ठासायचे. वरच्या अंगाला दगडांचे बांध घालायचे. दोन पावसाळे थांबायचं."

सगळे ऐकत होते. बुधी म्हणाली, "हे मी सांगितलं. आता माझं ऐका. काम आमच्या बाया सांगतील तसं होईल. काम आम्हाला इथंच मिळावं, म्हणजे भट्टी सुटेल. आणि पाणी आलं की आधी वाडीची टाकी, मग तुमचा पाइप. वाडी वर आहे, गाव खाली आहे. पाणी वरूनच खाली येतं." भिवाजीला राहवलं नाही, तो म्हणाला, "पण असं कसं..." त्याची आई म्हणाली, "तिचं झालं का बोलून?" तो गप्प बसला.

मग ठराव लिहिला. बुधी म्हणाली, "वाच." ग्रामसेवकानं वाचलं, "गावास पाणी द्यावं, उरल्यास वाडीस." बुधी म्हणाली, "उलटं लिहिलंस." त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं. "वाच." त्यानं वाचलं, "वाडीतील महिलांनी कामात सहकार्य करावं." बुधी म्हणाली, "आम्ही सांगू, तुम्ही सहकार्य करा. तसं लिही." त्यानं पुन्हा लिहिलं. "वाच." तिसऱ्यांदा वाचलं ते बरोबर होतं. बुधीनं आवडाबाईकडं बघितलं, मग अंगठा दिला. त्या दिवशी भात थोडा कच्चा राहिला, तरी सगळ्यांनी एका पंगतीत बसून खाल्ला.

मग वाडी परत आली. वारुळं धुंडाळली, माती कालवली, बायांनी ती भेगेत ठासली. गावच्या बायांना आधी हात घाण होतात असं वाटलं, मग वाटेनासं झालं. बुधी सांगायची, आवडाबाई दगड द्यायची. बांध झाले. पहिला पावसाळा झाला. दिवाळीत पाथरीखाली ओल दिसली, होळीला थेंब दिसला. गावात लोक म्हणाले, आलं, आलं, आता आपलं काम झालं.

मग काय झालं? दुसऱ्या पावसाळ्यात सभा होती, वाडीची वाट चिखलानं भरलेली. आवडाबाई म्हणाली, "आज वर कोण जाणार? येतीलच त्या. सुरू करा." म्हातारीनं सांगितलं होतं तसंच झालं, एकदा टाकलाच वसा. सभा सुरू झाली. तेवढ्यात बुधी दारात आली, भिजलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. तिनं बघितलं, सभा चालू आहे, बोलणं चालू आहे. ती आत आली नाही, वळली आणि चालायला लागली. आवडाबाईनं ते पाहिलं. छत्री नाही, चपला नाही, ती तशीच पावसात तिच्या मागं गेली. अर्ध्या वाटेवर गाठलं. बुधी म्हणाली, "थेंब दिसला तर एवढं. धार लागली तर काय कराल?" आवडाबाई म्हणाली, "मला तरी काय माहीत? म्हणून तर तू पाहिजेस." दोघी पावसात उभ्या होत्या. मग दोघी परत गेल्या आणि सभा पहिल्यापासून सुरू झाली. त्यानंतर आवडाबाईनं वसा टाकला नाही.

दुसरा पावसाळा सरला. कार्तिकात बोटाएवढी धार, मार्गशीर्षात मनगटाएवढी. चैत्र आला तरी धार आटली नाही. वाडीच्या बायांनी झरा उपसला, वाडीची टाकी भरली, भरून वाहिली, आणि पाणी पाइपात उतरायला लागलं. गावच्या बाया हंडे घेऊन वर आल्या, पहिलं पाणी झऱ्यावरचं न्यायचं म्हणून.

आता इथं एक गोष्ट आहे, ती पोथीत नाही. लिहिणाऱ्याला लाज वाटली असेल. मी सांगते. त्या गावच्या विहिरीवर, मोळी घेऊन खाली आलेल्या वाडीच्या बायांनी दोर धरायचा नाही, अशी चाल होती. त्यांनी खाली लांब उभं राहायचं, हंडा पुढं करायचा, आणि गावची बाई वरून पाणी ओतायची. अंगावर सांडलं तर सांडलं. आवडाबाईनंही कितीदा तसं ओतलं होतं. चाल म्हणून ओतलं होतं, पण ओतलं होतं.

बुधी वर झऱ्यापाशी उभी होती. आवडाबाई आली, आणि खाली, लांब थांबली. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हंडा दोन्ही हातांनी पुढं धरला आणि मान खाली घातली. मागच्या बाया जागच्या जागी थांबल्या. सगळ्यांना कळलं. बुधीच्या हातात भरलेली कळशी होती. तिनं ती खाली ठेवली. म्हणाली, "आमच्यात वरून ओतत नाहीत, बाय. वर ये. आपल्या हातानं भर."

आवडाबाई वर गेली. तिनं हंडा बुडवला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं पुसलं नाही. हंडा भरला, आणि बुधीनं तो हात देऊन तिच्या डोक्यावर चढवला.

जसा बुधीला तिचा झरा पुन्हा मिळाला, आवडाबाईला तिचा आवाज मिळाला, वाडीला घर आणि गावाला शेजार मिळाला, तसा तुम्हां आम्हां सगळ्यांना मिळो. कोणाच्या दारची बाई न विचारलेली राहू नये. ही साठ उत्तरांची कहाणी, पाच उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीची इथं संपूर्ण झाली.